छोट्या ऑफिसचं लॅन: स्विच निवडण्यापासून शेवटची केबल खोचेपर्यंत

"नेट चालतंय, पण प्रिंटर निम्म्याच लोकांना दिसतो." "नवा स्विच आणला तरी टॅली अडकतंच." "कुणीतरी काहीतरी लावलं आणि सगळं ऑफिस बंद पडलं." छोटी ऑफिसं, क्लासेस, दवाखाने, कुठेही जा, लॅनच्या, म्हणजे ऑफिसातली मशीनं एकमेकांना जोडणाऱ्या जाळ्याच्या, तक्रारी फिरून फिरून या तीनच. तिन्हींत वस्तू क्वचितच खराब निघते. क्रम चुकलेला असतो. लोक आधी दुकानातून आठ पोर्टची डबी, म्हणजे केबल खोचायची आठ भोकं असलेला स्विच आणतात, मग केबलवाल्याला बोलावतात आणि कुठे काय लावायचं ते शेवटी बघतात. करायचं बरोबर उलटं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू: एका सीएचं दोन मजली ऑफिस. खाली सहा टेबलं, एक प्रिंटर, एक बायोमेट्रिक हजेरी मशीन, एक वायफाय. वर आठ टेबलं, टॅलीचा डेटा ठेवलेलं मशीन, एक प्रिंटर, एक वायफाय आणि राउटर. शिवाय चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर.

## १. आधी कागद, मग बाजार

ऑफिसचा ढोबळ नकाशा काढा आणि केबल लागणारी प्रत्येक वस्तू त्यावर मांडा. टेबलं सगळे मोजतात; प्रिंटर, हजेरी मशीन, वायफायचे डबे, आयपी फोन (लॅनच्या केबलवर चालणारे), कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर हे विसरतात. स्विच ते राउटर आणि स्विच ते स्विच या जोडण्यांनाही पोर्ट लागतात, ते तर हमखास राहून जातात.

आपल्या उदाहरणात खाली ९ आणि वर ११ अशा २० वस्तू झाल्या. त्यात राउटरचा एक आणि कॅमेऱ्यांच्या वेगळ्या स्विचकडे (कॅमेरे आणि रेकॉर्डर त्यावरच) जाणारा एक धरला की २२ पोर्ट. म्हणजे २४ पोर्टचा एकच स्विच घेतला तर पहिल्याच दिवशी दोन पोर्ट उरतात. सहा महिन्यांत दोन आर्टिकल (सीएकडे शिकणारी मुलं) वाढले की टेबलाखाली पाच पोर्टची डबी येणार, आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होणार.

त्यापेक्षा प्रत्येक मजल्यावर १६ पोर्टचा एक स्विच ठेवा. वरच्यावर ११ वस्तू, राउटर, कॅमेऱ्यांचा स्विच आणि खाली जाणारी केबल असे १४ भरतील. खालच्यावर ९ आणि वरून आलेली केबल असे १०. दोन्हीकडे थोडी जागा उरते, आणि खालच्या प्रत्येक टेबलाची केबल वरपर्यंत ओढायचं कामही वाचतं.

तपासा: मोजलेल्या पोर्टवर किमान पाव हिस्सा जास्तीचा हवा. तो दोन्ही मजले मिळून धरा; एकाच ठिकाणी मोकळा असून उपयोग नाही, वाढ जिकडे होणार तिकडे हवा.

## २. स्विच कुठे बसणार ते ठरवा

एका मजल्याच्या सगळ्या केबल एकाच जागी आल्या पाहिजेत. टेबलावरून टेबलावर साखळी करत नेलेलं लॅन सुरुवातीला स्वस्त पडतं, पण मधल्या टेबलावरच्या कुणी चार्जरसाठी प्लग काढला की पुढचे चौघे बंद.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. तिथे यूपीएसची लाइन आहे का, हवा खेळती आहे का, आणि सफाईच्या वेळी फडकं-पाणी तिथवर पोचतं का. बाथरूमला लागून असलेली, पावसाळ्यात ओल येणारी भिंत नको. भिंतीवर खांद्याच्या उंचीला छोटा बंद रॅक सगळ्यांत बरा. फॉल्स सीलिंगच्या वर स्विच ठेवून देणारे असतात. तो बंद पडला की शिडी शोधण्यापासून तयारी.

थ्री-पिन सॉकेटला अर्थिंग खरोखर आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर ते आधी दुरुस्त करा. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं.

## ३. स्विच निवडताना

कपाटात जुनं हब पडलेलं असेल आणि "तात्पुरतं लावू" असा विचार असेल तर सोडून द्या. हब एका पोर्टवर आलेला डेटा बाकीच्या सगळ्या पोर्टांवर ओततं आणि एका वेळी एकालाच बोलू देतं. दोघे बोलले की टक्कर, आणि दोघांनाही परत पाठवावं लागतं. स्विच ज्याचा डेटा त्याच्याच पोर्टवर देतो. डबी जुनी असून तिच्यावर 'कोलिजन' नावाचा दिवा असेल तर ते बहुतेक हब. आज दुकानात "हब द्या" म्हटलं तरी हातात स्विचच पडतो, त्यामुळे नव्या खरेदीत ही काळजी नाही. काळजी वेग बघण्याची आहे.

खोक्यावर '१०/१००' लिहिलेलं असेल तर तो स्विच १०० एमबीपीएसचा. '१०/१००/१०००' किंवा 'गिगाबिट' लिहिलेलं असेल तर हजारचा. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच असतात. दुकानदार म्हणेल, "तुमचं नेटच १०० चं आहे, गिगाबिट काय करायचंय?" हा युक्तिवाद ऐकू नका. टॅलीचा डेटा, स्कॅन केलेल्या फाइल, रोजचा बॅकअप यांतलं काहीच नेटवरून जात नाही, सगळं स्विचमधून फिरतं. खोक्यावरचा वेग बिटांत असतो आणि फाइल बाइटमध्ये मोजतात, म्हणून १०० च्या स्विचवर फाइल सेकंदाला ११ एमबीच्या आसपास कॉपी होते, गिगाबिटवर ११० च्या आसपास, अर्थात दोन्ही मशीनच्या डिस्क तेवढ्या पळत असतील तर. म्हणजे एक जीबीचा बॅकअप एकीकडे दीड मिनिट, दुसरीकडे दहाएक सेकंद.

कॅमेऱ्यांचा स्विच वेगळा घ्या. केबलमधूनच वीज देणाऱ्या, म्हणजे पीओई स्विचचा हा प्रश्न. इथे दोन फसगती होतात. पहिली वेगाची. '८+२' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ स्विचमध्ये आठ पीओई पोर्ट १०० एमबीपीएसचे असतात आणि वरचे दोनच गिगाबिट. कॅमेऱ्यांना १०० पुरतात, पण तोच स्विच टेबलांसाठी वापरला की सगळे अडकले.

दुसरी फसगत विजेची. ८०२.३एएफ या मानकात एका पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट मिळतात, ८०२.३एटी मध्ये ३०. पण सगळ्या पोर्टांना मिळून किती, हा आकडा वेगळा छापलेला असतो आणि तोच कामाचा. आपले चार कॅमेरे प्रत्येकी ७ वॅटचे धरले तर २८ झाले. एकूण ६० वॅट देणारा स्विच घेतला की पुढे दोन कॅमेरे वाढवता येतात. हिशोब धरताना कॅमेऱ्याच्या लेबलवरचा सर्वांत मोठा आकडा धरा. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज खातो. दिवसा नीट चालून अंधार पडल्यावर एकेक कॅमेरा गळू लागला तर घोडं बहुतेक इथेच पेंड खात असतं.

सावधान: खोक्यावर ८०२.३एएफ किंवा एटी लिहिलेलं नसेल, नुसतं '२४ व्होल्ट पीओई' किंवा 'पॅसिव्ह पीओई' असेल, तर तो स्विच समोर काय जोडलंय ते न विचारता वीज सोडतो. मानक पाळणारा स्विच आधी समोरच्याला ओळखतो, मगच वीज देतो. पॅसिव्ह पोर्टला चुकून लॅपटॉप लागला तर त्याचा लॅन पोर्ट जाऊ शकतो.

मॅनेज्ड, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणारा स्विच हवा का? वीसेक मशीनच्या ऑफिसला साधा चालतो. पण मुख्य स्विच तरी 'स्मार्ट' गटातला, म्हणजे मोजकी सेटिंग असलेला घ्या, असं माझं मत. कारण व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे गट पाडणं) वगैरे नाही. लूप झाला, म्हणजे स्विचची केबल फिरून स्विचमध्येच आली, तर तो पोर्ट आपोआप बंद करण्याची सोय त्यात असते. ही सोय त्या मॉडेलमध्ये आहे ना, हे मात्र खोक्यावर वाचून घ्या आणि बसवल्यावर चालू करा, पुष्कळदा ती बंदच येते. पाहुण्यांचं वायफाय ऑफिसच्या मशीनपासून वेगळं ठेवायचं असेल तर पूर्ण मॅनेज्डचा विचार करा.

'स्विचिंग कॅपॅसिटी ३२ जीबीपीएस' अशा मोठ्या अक्षरांतल्या आकड्याला भुलू नका. १६ गिगाबिट पोर्ट, दोन्ही दिशांनी मिळून दुप्पट, म्हणून ३२. १६ पोर्टच्या कुठल्याही गिगाबिट स्विचवर हाच आकडा दिसेल. पैसे घालायचेच तर धातूची बॉडी आणि लांब वॉरंटी यांवर घाला. लोक बसतात त्या खोलीत पंखेवाला स्विच नको, दिवसभर घरघरतो.

## ४. केबल: इथे पैसे वाचवायचे नाहीत

स्विच पाच वर्षांनी बदलता येतो. भिंतीत गेलेली केबल कुणी बदलत नाही.

नवं काम असेल तर कॅट ६ या प्रकारची केबल, शुद्ध तांब्याची. बाजारात ३०५ मीटरची बॉक्स मिळते. त्यात 'सीसीए' म्हणजे वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल फार खपते, कारण ती बरीच स्वस्त. ती ठिसूळ असते, तिचा रोध जास्त असतो आणि पीओईची वीज सोडली की तापते. ओळखायची कशी? आतली एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरट चंदेरी निघालं तर ॲल्युमिनियम. शिवाय अशी बॉक्स उचलताना संशय यावा इतकी हलकी लागते. केबलवाल्याने स्वतःची केबल आणली असेल तर ओढायच्या आधी त्याच्यासमोर खरवडून बघा, राग आला तरी चालेल.

लांबीची मर्यादा १०० मीटर. त्यात भिंतीतली ९० आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड (प्लग लावलेल्या छोट्या केबल) मिळून १०. छोट्या ऑफिसात एवढी लागत नाही, पण पार्किंगच्या टोकाचा कॅमेरा सहज ओलांडतो.

ओढताना हे पाळा:

- विजेच्या वायरच्या पाइपमधून लॅनची केबल कधीही नेऊ नका. शेजारून न्यायची तर अंतर ठेवा, ओलांडायची तर काटकोनात.
- प्रत्येक टेबलाला दोन केबल. माणूस, भिंत आणि पाइप तेच असतात. दुसऱ्या केबलचा खर्च नंतर परत बोलावण्यापेक्षा फार कमी. सगळ्या स्विचला लावायच्या नाहीत, पडून राहू द्या.
- पाइपमध्ये एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पुढची केबल तिला बांधून ओढता येते.
- ओढण्याआधी दोन्ही टोकांवर एकच नंबर मार्करने लिहा. ओढून झाल्यावर "ही कुठली?" करत बसण्यात अर्धा दिवस जातो.
- स्विचकडे मीटरभर आणि टेबलाकडे वीतभर केबल जास्तीची सोडा.
- कोपऱ्यावर घडी घालू नका. केबलच्या जाडीच्या चौपट त्रिज्येपेक्षा आवळ वळण नको. टायही इतका आवळू नका की साल दबेल.
- फॉल्स सीलिंगमध्ये उंदीर असतील तर उघडी केबल नको, पाइप घाला. ही गंमत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर निम्मं ऑफिस बंद मिळण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको. ऑफिस एका विंगमध्ये आणि गोडाऊन समोर असेल, तर मध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅनची केबल जोडणारी डबी) लावा. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असतो, आणि जवळपास वीज पडली की तांब्याच्या केबलवरून तो झटका थेट स्विचमध्ये येतो. वळवाच्या एका पावसात आठ पोर्टांपैकी तीन मेले, असे स्विच दुरुस्तीच्या दुकानांत दर वर्षी येतात. एकेरी फायबरवर चालणारे कन्व्हर्टर ए आणि बी अशा जोडीने येतात. दोन्हीकडे ए लावला तर दिवा लागणारच नाही.

### टोक मारताना

भिंतीतली केबल एकसंध तारेची असते. तिच्या टोकाला थेट प्लग मारून तो मशीनला लावायचा, ही सर्रास चालणारी पद्धत चुकीची. टेबल हललं की तार आत तुटते. भिंतीत आयओ बॉक्स (लॅनचं सॉकेट) बसवा, स्विचकडे पॅच पॅनल (अशाच सॉकेटांची पट्टी), आणि तिथून पुढे कंपनीची तयार पॅच कॉर्ड.

तरीही प्लग मारावा लागतोच, कॅमेऱ्याला तर हमखास. रंगांचा क्रम ५६८-बी ठेवा. प्लगची खिट्टी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल तुमच्याकडून आत जातेय असं धरलं की डावीकडून:

१. पांढरा-नारिंगी
२. नारिंगी
३. पांढरा-हिरवा
४. निळा
५. पांढरा-निळा
६. हिरवा
७. पांढरा-तपकिरी
८. तपकिरी

हिरव्याची जोडी निळ्याच्या दोन्ही बाजूंना फाकलेली आहे, ते नीट बघा. इथेच सगळ्यांत फसवी चूक होते. "दोन्ही टोकांना सारखे रंग असले की झालं" असं म्हणून काही जण नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची अशी सरळ रांग लावतात. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर अशा केबलला पास करतो, कारण एकला एक, दोनला दोन जुळलेलंच असतं. पण ३ आणि ६ या पिना मिळून एक जोडी चालते, आणि त्या एकमेकींना पीळ घातलेल्याच असाव्या लागतात. सरळ रांगेत ३ वर हिरव्यातली तार येते आणि ६ वर निळ्यातली. पीळ गेला, शेजारच्या तारांचा आवाज आत शिरला. अशी केबल दोन मीटरवर चालते, वीस मीटरवर मध्येच सुटते, आणि दोष स्विचला दिला जातो.

प्लग मारताना साल तीनेक सेंटिमीटर काढा, तारा सरळ करून क्रमाने लावा, मग बाराएक मिलिमीटर ठेवून बाकीच्या एका रेषेत कापा. पीळ त्याहून जास्त उलगडायचा नाही. प्लगमध्ये ढकलल्यावर समोरून बघा: तांब्याचे आठ ठिपके टोकाला टेकलेले दिसायला हवेत. बाजूने बघा: बाहेरची साल प्लगच्या आत, दाबपट्टीच्या खाली गेलेली हवी. साल बाहेर राहिली आणि रंगीत तारा उघड्या दिसल्या तर तो प्लग कापून टाका, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे.

तपासा: प्रत्येक केबल स्विच लावण्याआधी टेस्टरवर घ्या आणि नंबरसमोर खूण करा. त्यानंतर रंगक्रम डोळ्यांनीही बघा, वरच्या कारणासाठी.

## ५. जोडणीचा क्रम

सगळ्या केबल एकदम खोचून मेन चालू करू नका. काही बिघडलं तर कुठे, ते कळणार नाही. एकेक पाऊल टाका आणि प्रत्येक पावलाला थांबून बघा.

पाऊल १. मुख्य स्विच जागेवर, यूपीएसवर, एकही केबल न लावता चालू करा. पोर्टचे दिवे एकदा लागून विझायला हवेत.

पाऊल २. इंटरनेटवाल्याचा फायबर बॉक्स आणि तुमचा राउटर बघा. बहुतेक फायबर बॉक्स स्वतःच राउटरचं काम करतात, वायफायही देतात. तसं असेल तर वेगळ्या राउटरची गरज आहे का, ते आधी ठरवा. स्वतःचा राउटर ठेवायचाच असेल तर इंटरनेटवाल्याला फोन करून बॉक्स 'ब्रिज मोड'वर घ्यायला सांगा, म्हणजे तो राउटरचं काम थांबवेल. मग बॉक्समधून आलेली केबल राउटरच्या 'वॅन' पोर्टला. तो बहुधा वेगळ्या रंगाचा असतो.

पाऊल ३. राउटरच्या 'लॅन' पोर्टांपैकी कुठल्याही एकातून स्विचच्या कुठल्याही पोर्टला एक केबल. आजच्या स्विचला वेगळा अपलिंक पोर्ट किंवा क्रॉस केबल लागत नाही, ते स्वतः ओळखून घेतात.

पाऊल ४. फक्त एक लॅपटॉप स्विचला लावा, वायफाय बंद करा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा द्या. मशीनचा लॅनवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) १९२.१६८ ने सुरू होणारा दिसला आणि नेट चाललं की पुढे. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता म्हणजे मशीनला कुणीच पत्ता दिला नाही. केबल, पोर्ट किंवा राउटर, यांतलं काहीतरी जुळलेलं नाही. इथे अडलं तर पुढे जाऊ नका.

पाऊल ५. खालच्या मजल्याचा स्विच. दोन स्विचमध्ये केबल एकच. "दोन लावल्या तर वेग दुप्पट" हा समज साध्या स्विचवर ऑफिस बंद पाडतो. खालच्या स्विचवर तोच लॅपटॉप लावून पाऊल ४ पुन्हा करा.

पाऊल ६. आता टेबलं, एकेक करून. प्रत्येक पोर्टचा दिवा गिगाबिटचा रंग दाखवतोय का बघा. कुठला रंग कशाचा, ते स्विचच्या तोंडावर छापलेलं असतं. हजारऐवजी शंभरवर लागला तर केबल संशयित. शंभरला १, २, ३ आणि ६ या चारच पिना पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. एखादी निळी किंवा तपकिरी तार तुटली तर लॅन बंद पडत नाही, गुपचूप दहा पट हळू होतं. वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही.

पाऊल ७. टॅलीचं मशीन मुख्य स्विचलाच लावा, खालच्याला नाही, आणि वायफायवर तर मुळीच नाही. मग प्रिंटर, हजेरी मशीन, वायफायचे डबे. कॅमेऱ्यांचा स्विच सर्वांत शेवटी. रेकॉर्डर त्याच स्विचवर ठेवा, म्हणजे चोवीस तासांचं चित्रीकरण मुख्य स्विचवरून फिरत नाही.

खालच्या स्विचला पुढे आणखी एक, त्याला आणखी एक, असं लांबवू नका. मुख्य स्विच आणि त्याला थेट जोडलेले बाकीचे, इतकंच. खालची सहा टेबलं वर जाताना एका गिगाबिटच्या केबलमध्ये वाटून घेतात, ते चालतं. तिसऱ्या पायरीवर वाटाही कमी होतो आणि बिघाड शोधायला लागणारा वेळही वाढतो.

## ६. जुना राउटर वायफायसाठी लावताना

खालच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही म्हणून घरचा जुना राउटर आणून स्विचला लावायचा, हे सगळेच करतात. करायला हरकत नाही, पण तो राउटर स्वतःही पत्ते वाटतो. एका लॅनवर पत्ते वाटणारे दोघे झाले की निम्म्या मशीनना १९२.१६८.१ चे पत्ते मिळतात, निम्म्यांना १९२.१६८.० चे. प्रिंटर निम्म्यांनाच दिसतो तो यामुळेच.

राउटर लॅनला जोडण्याच्या आधी हे करा:

१. फक्त एक लॅपटॉप त्याच्या लॅन पोर्टला लावा, बाकी काही नाही.
२. ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडून त्याचा स्वतःचा लॅन पत्ता बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मुख्य राउटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा हवा.
३. 'डीएचसीपी सर्व्हर', म्हणजे पत्ते वाटणं, बंद करा. सेव्ह करा.
४. आता स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टला लावा. वॅन पोर्ट रिकामा ठेवा.

त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडला की यातलं बरंचसं आपोआप होतं. त्या मोडमध्ये केबल कुठल्या पोर्टला लावायची ते मात्र मॉडेलप्रमाणे बदलतं, त्याच्या पानावर दिलेलं असतं.

तपासा: दोन-तीन वेगवेगळ्या मशीनवर आयपीकॉन्फिग द्या. 'डिफॉल्ट गेटवे' सगळीकडे एकच असायला हवा.

## ७. लूप

टेबल सरकवताना एखादी पॅच कॉर्ड सुटते. सफाईवाल्या मावशी लोंबणारं टोक बघतात आणि भल्या मनाने भिंतीच्या रिकाम्या भोकात खोचतात. दुसरं टोक आधीच शेजारच्या भोकात असतं. झालं, स्विचची एक केबल फिरून स्विचमध्येच आली. सगळ्यांसाठी म्हणून सुटलेला एखादा संदेश आता गोल गोल फिरतो, प्रत्येक फेरीत त्याच्या नकला वाढतात, आणि काही सेकंदांत अख्खं ऑफिस ठप्प.

ओळख अगदी सोपी: स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, न थांबता लुकलुकतात. एरवी ते आपापल्या लहरीने लागतात-विझतात.

अशा वेळी स्विच बंद-चालू करून उपयोग नाही, लूप तिथेच असतो. आधी दोन स्विचमधली केबल काढा. ज्या बाजूचे दिवे शांत झाले ती बाजू सुटली. वेड्या राहिलेल्या स्विचच्या निम्म्या केबल काढा, बघा. दिवे शांत झाले तर दोषी काढलेल्यांत, नाहीतर उरलेल्यांत; त्या गटाचे पुन्हा निम्मे करून बघा. चार-पाच वेळा केलं की दोषी केबल हातात येते. म्हणूनच केबलवर नंबर.

आयपी फोनला मागे दोन पोर्ट असतात, ते दोन्ही भिंतीला लावले तरी हेच होतं. वायफाय वाढवणारा डबा हवेतूनही जोडलेला आणि केबलनेही लावलेला असेल तर काही मॉडेलवर तिथूनही लूप होतो. रिकाम्या भोकांची केबल पॅच पॅनलवर येऊन थांबू द्या, स्विचला लावू नका. मग मावशींनी काहीही खोचलं तरी फरक पडत नाही.

## ८. हस्तांतर करण्यापूर्वी

प्रिंटर, टॅलीचं मशीन आणि हजेरी मशीन यांचे पत्ते राउटरच्या पानावरून कायमचे बांधून टाका. नाहीतर वीज जाऊन आली की प्रिंटरचा पत्ता बदलू शकतो आणि सगळ्यांची प्रिंट अडकते.

सगळं बरोबर असूनही शेअर केलेलं फोल्डर दिसत नसेल तर केबल उपटण्याआधी विंडोजमध्ये बघा. नवं नेटवर्क दिसलं की विंडोज ते 'पब्लिक' धरतं आणि मशीन लपवतं. ऑफिसच्या लॅनसाठी ते 'प्रायव्हेट' करा.

एक मोठी फाइल टॅलीच्या मशीनवरून प्रत्येक टेबलावर कॉपी करून वेग लिहून ठेवा. कुठे ११ च्या आसपास अडकला तर ते टेबल शंभरवर चाललंय: केबल, भिंतीतला आयओ बॉक्स किंवा त्या मशीनचं जुनं लॅन कार्ड. पॅच कॉर्ड बदलून बघा, मग पोर्ट बदलून बघा, मग भिंत उघडा. याच क्रमाने.

रॅकच्या दारावर आतून एक कागद चिकटवा: कुठला नंबर कुठल्या टेबलाचा, बांधलेले पत्ते कोणते, इंटरनेटवाल्याचा ग्राहक क्रमांक. राउटरचा पासवर्ड त्यावर नको. तो मालकाकडे बंद पाकिटात.

आणि पुढे कधी स्विच दर दोन दिवसांनी अडकू लागला, बंद-चालू केल्यावर सुटू लागला, तर लगेच नवा आणू नका. त्याचा अडॅप्टर हाताला चटका देतोय का बघा. तेवढ्याच व्होल्टचा, तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा आणि पिनची प्लस-मायनस तीच असलेला दुसरा अडॅप्टर लावून आठवडाभर चालवा. तरीही अडकला तर मग स्विच बदला.